तुझा पट्टा माझ्याकडे आहे

दादा, तुझा पट्टा माझ्याकडे आहे. कपाटाच्या वरच्या खणात, ऑफिसच्या साड्यांवर ठेवलाय. काल जलदान विधी आटोपल्यावर वहिनीने हळूच विचारलं, "ताई, पट्टा तुमच्याकडंच ठेवायचा का? अमोल म्हणायलाय, फोटोखाली ठेवू." मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस. तिला वाटलं असेल, बहिणीची माया. मीही तसंच वाटू दिलं. आपल्या घरात खरं कारण सांगायची पद्धत तशीही कमीच.

विधीला घर भरून गेलं होतं. अंबरपेठेतली आपली सगळी माणसं होती, तारनाक्याहून माझ्या ऑफिसातल्या तिघी आल्या होत्या, आणि तू ज्या काचेच्या इमारतीच्या फाटकावर उभा राहायचास तिथले दोन गार्ड युनिफॉर्मवरच आले होते. पंचशील म्हणताना मी तिसऱ्या शीलापाशी अडखळले. झोपेतून उठवलं तरी म्हणू शकेन इतकं पाठ आहे, तरी अडखळले. तिसरं शील व्यभिचाराचं, चौथं खोटं न बोलण्याचं. शेजारची मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला वाटलं, मला हुंदका आलाय.

मग लोक तुझ्याबद्दल बोलले. हवालदारसाहेब म्हणजे शिस्त, हवालदारसाहेब म्हणजे वेळेचा काटा. एक जण म्हणाला, परदेशात शांतिसेनेत जाऊन देशाचं नाव मोठं करून आला आपला माणूस. तू असतास तर चपला शोधायच्या निमित्ताने उठून बाहेर गेला असतास. मिशनचा विषय निघाला की तुझी चप्पल हरवायचीच. मला भर विधीत हसू आलं आणि मग एवढं रडू आलं की तुझ्या अमोलने पाण्याचा ग्लास आणून दिला.

सुधाकरला आपल्या घरी तूच आणलंस, हे मी तुला हजारदा ऐकवलंय. आज शेवटचं ऐकून घे. फौजेत तुझ्याच कंपनीतला, नांदेडकडचा, आपल्यातला, उंचापुरा. सुट्टीवर जाता-येता तो हैदराबादला, अंबरपेठेत आपल्याकडे उतरायचा आणि आईच्या हातची अंबाडीची भाजी तीनदा मागून खायचा. त्याचं हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं. मी चोवीस-पंचवीसची होते, रेल्वेत नुकतीच लागले होते, स्वतःला फार शहाणी समजत होते. तू म्हणालास, "पोरगं चांगलंय, बेबी. मी रोज बघतो त्याला." तुझ्या शब्दावर मी हो म्हटलं. खरं तर तुझ्या शब्दाच्या आधीच मनातून हो म्हणून बसले होते. मिशनवरून आलात की लग्न, असं ठरलं.

मग तुमची कंपनी आफ्रिकेतल्या त्या देशात गेली. तिथली यादवी थांबत आली होती, आणि निळ्या टोप्या घालून तुम्ही दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहायचं होतं. तुझी पत्रं यायची ती हजेरीसारखी. मी बरा आहे, तुम्ही बरे असाल, आईचं गुडघ्याचं औषध बंद करू नका. सुधाकरची पत्रं लांबलचक असायची. एकदा त्याने लिहिलं होतं, इथली माणसं फार गरीब आहेत, आपल्या छावणीच्या तारेपाशी दिवसभर उभी असतात, दुधाच्या पावडरीचा डबा दिला तर पाया पडतात. ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, किती दयाळू आहे बाई पोरगा. मीही तेच म्हणाले. ते पत्र मी नंतर फाडलं, पण त्यातली ती ओळ काही फाटली नाही.

आणि तुझा तो फोन. घरात फोन नव्हता, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारून बोलावलं. नाताळचा आठवडा होता, बूथवर कागदाची लाल चांदणी टांगलेली होती. मी धावत आले, दम लागलेला. वाटलं, काही बरंवाईट झालं की काय. तू इकडचं तिकडचं विचारलंस, मग एकदम म्हणालास, "बेबी, तुला सुधाकर लई आवडतो का गं?"

मी हसत सुटले. "हौ, लई आवडतो. कामून विचारायलास?"

"काही नाही. असंच."

एवढंच. लाइन कटली. घरी येऊन मी आईला सांगितलं की दादाला आता बहिणीच्या लग्नाचं टेन्शन आलंय. दोघी हसलो.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही परत आलात ते थेट उत्तरेकडच्या छावणीत. सुधाकरची पत्रं बंद झाली होती. तुझी हजेरी तेवढी यायची आणि तिच्यात त्याचं नाव नसायचं. पावसाळा संपता संपता एका दुपारी तू दारात उभा राहिलास. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून, कळवल्याशिवाय, अंगावर युनिफॉर्म. आई शेजारी गेली होती, मी जमिनीवर बसून अंबाडीची पानं खुडत होते. तू ट्रंक ठेवलीस. बसला नाहीस. डोक्यावरची टोपी काढलीस, मग कमरेचा पट्टा सोडलास, दोन्ही खुर्चीवर नीट ठेवलंस, आणि माझ्यासमोर टाचा जुळवून, हात बाजूला ताठ धरून उभा राहिलास. नजर माझ्या डोक्यावरून मागच्या कॅलेंडरवर.

मी म्हटलं, "उकडायलंय का एवढं? पंखा लाव की."

मग तू सांगितलंस. रिपोर्ट द्यावा तशा आवाजात. "सुधाकरला कोर्टमार्शल झालं. दोन वर्षं जेल. नोकरी गेली. साक्ष मी दिली."

माझ्या हातात पानं तशीच राहिली. तू थांबला नाहीस. तिथे फाटकाचा गार्ड कमांडर तू होतास. रेशनच्या गोदामातून एक मुलगी पावडरीचा डबा अंगावरच्या कापडाआड लपवून बाहेर येताना तू पाहिलीस, मागून सुधाकर आला. तू त्याला तीन दिवस भर उन्हात पिट्ठू लावलास, पाठीवर वाळूची पिशवी आणि मैदानाच्या फेऱ्या. कागदावर काही नेलं नाहीस. तुम्ही लोक असंच करता ना, कंपनीतलं कंपनीत मिटवायचं, घाम काढायचा आणि विषय संपवायचा. महिन्याभराने दुसरी मुलगी. तिने नाही म्हटलं. तिचा बाप तिला सायकलवर बसवून फाटकापाशी घेऊन आला, तिला धड बसताही येत नव्हतं. तू एवढंच सांगितलंस, आणि तेवढं पुष्कळ होतं.

त्या देशातले पोलीस आपल्या जवानाला हात लावू शकत नव्हते, तिथलं कोर्टही नाही. करारच तसा असतो म्हणालास. आपला माणूस चुकला तर त्याला आपणच बघायचं. म्हणजे खटला चालला तो इथे, हजारो मैलांवर, आणि ती मुलगी इथे फक्त कागद होती. दोनदा भाषांतर झालेला कागद. सुधाकर म्हणाला, मी तिथे नव्हतोच. तुझ्या फाटकाच्या रजिस्टरमध्ये तो कधी बाहेर गेला, कधी आत आला ते लिहिलेलं होतं, आणि ते तू लिहिलं होतंस. तू मुकाट राहिला असतास तर रजिस्टरला तोंड नव्हतं.

"पहिल्या खेपेलाच मी लिहून दिलं असतं, तर दुसरी वाचली असती," तू म्हणालास. "बेबी, तिचं नाव..."

"मला नाव सांगू नको!" मी ओरडले. पानांची चाळण लाथाडली मी, आठवतंय? सगळी अंबाडी तुझ्या बुटांवर. "घरच्या माणसावर उलटलास तू. गप्प बसता येत नव्हतं तुला? कोण कुठली ती, तिच्यासाठी माझं वाटोळं केलंस!"

हे मी बोलले, दादा. कोण कुठली ती. मग आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि कडी घातली. आई परत आली तेव्हा तू तिथेच उभा होतास, टोपीशिवाय, पट्ट्याशिवाय, पायाखाली पानं. आईने नंतर सांगितलं, "मी हात धरून बसवलं तेव्हा बसला. असा का उभा होता गं?" मी म्हटलं, लाज वाटत असेल.

त्यानंतर चार वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. तू सुट्टीवर यायचास, मी ड्यूटी बदलून घ्यायचे. वहिनीकडून कळलं की तुलाही शिक्षा झाली, तुझ्या नावापुढे लाल शाईची नोंद पडली, नायब सुभेदारीचं प्रमोशन त्या लाल शाईत बुडालं. कंपनीतली पोरं तुझ्या ताटाशेजारी जेवायला बसेनात, कारण तू आपल्याच माणसाला आत घातलंस आणि कंपनीचं नाव घालवलंस. ऐकून मला बरं वाटलं. लिहायला जड जातंय, पण बरं वाटलं.

नंतर तू हवालदार म्हणूनच रिटायर होऊन हैदराबादला आलास. तेव्हा शहराच्या त्या टोकाला खडक फोडून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक फाटकावर फौजेतून आलेला माणूस हवा होता. तुला लगेच नोकरी लागली. गळ्यात ओळखपत्राची पट्टी घातलेली पंचविशीची पोरं बॅगा दाखवताना तुझ्याकडे बघायचीही नाहीत, आणि तू प्रत्येकाचं नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ वहीत लिहायचास. मशीन आलं, कार्ड दाखवलं की दार उघडायला लागलं, तरी तू वही सोडली नाहीस. साहेबलोक हसायचे म्हणे. मीही हसले होते. "दादा, त्या वहीसाठी काय पद्मश्री मिळणारेय का?" तू म्हणालास, "लिहिलेलं कामाला येतं."

आईच्या आजारपणात आपण पुन्हा बोलायला लागलो. ती गेली आणि तू दर रविवारी यायला लागलास. वर्षाचं तिखट भरायला आपण दोघं बेगम बाजारात जायचो, तू मिरचीचं देठ मोडून वास घ्यायचास आणि दुकानदाराशी अशा थाटात घासाघीस करायचास की जणू त्याचंच कोर्टमार्शल चाललंय. येताना मी शिंकत असायचे आणि तू पोतं खांद्यावर घेऊन पुढे. त्या वाटेवर आपण सगळ्यावर बोललो. पाण्याचे टँकर, अमोलचं कॉम्प्युटरचं शिक्षण, माझी बदली, वहिनीची शुगर. त्या एका गोष्टीला मात्र आपण दोघं वळसा घालून जायचो.

नेहमीच वळसा घातला असं नाही म्हणा. मला मध्येच उचकायचं आणि मी टोमणा मारायचे. एकदा, तुझ्याच घरी, पुरणपोळीच्या ताटावर, वहिनीसमोर मी म्हणाले, "लपवायचं तोवर लपवलंस. पकडला गेलास तेव्हा सत्यवादी झालास." कारण मला तसंच वाटत होतं. चौकशीत पहिली भानगड बाहेर आली असणार, तू अडकला असणार, म्हणून सगळं ओकलास. तू पोळीवर तूप घेतलंस आणि म्हणालास, "जेव, बेबी. गार होईल." वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. तू मला एका शब्दाने खोडलं नाहीस.

माझं लग्न झालं नाही याचं खापर मी तुझ्यावर फोडत आले. ती मला मोठी सोय होती. सुधाकरनंतर दोन चांगली स्थळं आली होती, ती मीच नाकारली, आणि नाकारताना तुझ्याकडे बघून नाकारली. तुलाही ते कळत होतं.

आणखी एक तुला सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी मावशीच्या नातीच्या लग्नाला नांदेडला गेले होते, आठवतं? स्टँडवर सुधाकर दिसला. पोट सुटलेलं, कडेवर एक मुलगी, दुसरीचा हात धरलेला. कुणाशी तरी बोलत होता आणि मध्येच हसला. तेच हसणं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं. माझ्या अंगावर शहारा आला. मी खांबाच्या आड झाले. त्या दोन पोरींकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच मनात आलं की दादा नसता तर या माणसाच्या घरात आज मी असते, रोज हे हसणं ऐकत. परतीच्या गाडीत ठरवलं, रविवारी दादाला सांगायचं की तू मला वाचवलंस. रविवारी तू आलास, हातात वाल पापडीची पिशवी घेऊन. पापडी निवडली आपण. मी बोललेच नाही. एवढ्या वर्षांचा राग एका रविवारी कसा परत घ्यायचा, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि या पावसाळ्यात, चहा घेताना टीव्हीवर बातमी लागली. कुठल्याशा देशात शांतिसेनेतल्या शिपायांवर तिथल्या बायकांनी तक्रारी केल्या होत्या. कुठले शिपाई ते सांगितलं नाही. तू कप बशीत ठेवलास. "बेबी, एक बोलू?" म्हणालास. मी रिमोट शोधायला लागले. म्हटलं, "चहा गार होईल." तू चहा संपवलास, चप्पल शोधलीस आणि गेलास. दारापर्यंत सोडायलाही आले नाही मी. तुझ्या तोंडून त्या विषयावरचं ते शेवटचं वाक्य, आणि तेही मी अर्ध्यावर तोडलं.

मंगळवारी सकाळी फाटकावरच तू गेलास. वही पुढे, पेन हातात. कुणाचं तरी नाव लिहिताना खाली बसलास म्हणे, परत उठला नाहीस.

अमोल बंगळूरहून बसने निघाला होता, त्याची वाट बघत आम्ही तुला बर्फावर ठेवलं. दुपारी एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस आला. तुझ्याजवळ उभा राहून त्याने सॅल्यूट केला आणि मग कोपऱ्यात जाऊन लहान मुलासारखा रडला. यादगिरी. तुझ्या पत्रांत नाव वाचलं होतं, तुझ्याच कंपनीतला, इथलाच, घटकेसरकडचा. सगळ्यांनी ताट वेगळं केलं तेव्हा तुझ्याशेजारी जेवायला बसणारा हाच, हे वहिनीने सांगितलं.

वहिनीने ट्रंक उघडून तुझी टोपी आणि पट्टा बाहेर आणला. मिशनची निळी टोपी तू कुठे टाकलीस ते तिलाही ठाऊक नाही, ही तुझी नेहमीची. म्हणाली, "ताई, हे घालूनच न्यायचं का?" मी पट्टा हातात घेतला, आणि यादगिरी एकदम ताठ उभा राहिला.

"पहनाओ अक्का," तो म्हणाला. "उस दिन मेरेच सामने उतारे थे."

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं. मला कळेना.

त्याने मला अंगणात नेलं आणि भिंतीला टेकून सांगितलं. फौजेत जवान चुकला की त्याची पेशी होते. आत जायच्या आधी टोपी आणि पट्टा काढून घेतात, दोन बाजूंना दोघं चालवत साहेबापुढे आणतात, आणि तो ताठ उभा राहतो. साहेब निकाल देईपर्यंत हलायचं नाही. निकाल लागला, बाहेर आला, की टोपी-पट्टा परत. तुझ्या पेशीला तुझ्या उजव्या हाताला यादगिरी होता. तुला तो अजूनही उस्ताद म्हणतो.

माझ्या डोळ्यांसमोर आपलं घर आलं. खुर्चीवर नीट ठेवलेली टोपी, नीट ठेवलेला पट्टा, अंबाडीची पानं. मी म्हणाले होते, पंखा लाव.

"दादाचं कसं पकडलं त्यांनी?" मी विचारलं. "ती पहिली गोष्ट?"

यादगिरी भिंतीपासून सरळ झाला. "पकडे? कौन पकडे, अक्का? पहली लडकी का किसी कू मालूमच नै था. गवाही पूरी हो गई थी, साब बोले जाओ. उस्ताद गए नै. बोले, साब, एक बात बाकी है, गलती मेरी बी है. खुद बोले उनों. फिर पेशी में साब पूछे, पहली बार कायकू नै लिखे? चुप. फिर पूछे. चुप. साब बोले, वजह बता दे, सजा हलकी करता हूँ. फिर बी चुप. तो लाल स्याही लग गई."

"का गप्प राहिला?"

"मैं बाद में पूछा. बोले, वजह बोला तो बेहन का नाम कागज पे चढता, यादगिरी. ऐसे कागज पे उसका नाम नक्को." त्याने मिशा पुसल्या. "पहली बार बी रपट लिखे थे अक्का, मैं देखा. लिख के जेब में रखे. बोले, पहले घर कू एक फोन करके आता हूँ. वापस आए. फिर जेब से निकाल के फाड दिए."

आतून अमोल आल्याचा गलका झाला. यादगिरी आत गेला. मी अंगणातच राहिले. लाल कागदाची चांदणी, माझा लागलेला दम, माझं ते हसणं. हौ, लई आवडतो.

माझी काही चूक नव्हती, असं मी स्वतःला या पाच दिवसांत कितीदा सांगितलंय. मला काय माहीत होतं? तू विचारलंस, मी उत्तर दिलं. कुठलीही पोर हेच म्हणाली असती. आणि चूक तुझी होती, दादा, मी तुझी बाजू घेणार नाही. तू फौजेचा हवालदार होतास, बहिणीचं मन विचारून रिपोर्ट फाडायचा तुला हक्क नव्हता. एका वाळूच्या पिशवीत तू दोन मुलींचा न्याय उरकलास, एकीवर अन्याय झालेला आणि एकीवर व्हायचा. हे तुलाही माहीत होतं. म्हणून तर कुणी न विचारता तू उभा राहिलास, आधी साहेबापुढे, मग माझ्यापुढे. साहेबाने निकाल दिला. मी कडी घातली. अकरा वर्षं तू रविवारचा माझ्याकडे यायचास, पापडी निवडायचास, तिखटाचं पोतं उचलायचास, माझे टोमणे तुपाबरोबर गिळायचास, आणि मला वाटायचं दादा बहिणीला भेटायला येतो. तू निकाल ऐकायला येत होतास.

गाडी दारात लागली. वहिनीने पुन्हा विचारलं, "ताई, घालायचं ना?" मी खाली बसले. तुझं डोकं गार होतं, केस विरळ झालेले. मी टोपी घातली. वाकडी बसली, तुला चाललं नसतं, म्हणून पुन्हा काढून सरळ घातली. आणि तुझ्या कानाशी म्हटलं, "दादा, माझ्यापुरता तू सुटलास. मला वाचवलंस तू." उशीर झाला होता, पण म्हटलं.

मग पट्टा घेतला. बक्कल तू आदल्या रविवारीच घासलं असावंस, एवढं लखलखत होतं. कमरेखालून घालायला अमोलने तुला जरा उचललंही. माझे हात पुढे जाईनात. सगळे बघत होते. मी म्हणाले, "राहू दे. बक्कल धातूचं आहे, जळायचं नाही." सगळ्यांना पटलं. फक्त यादगिरीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तर पट्टा माझ्याकडे आहे, दादा. अमोलला मी तो देईन, पण इतक्यात नाही. टोपी माझ्या हातातली होती, ती मी दिली. पट्टा द्यायचा अधिकार माझा नाही. तो सायकलवर बसवून आणलेल्या त्या मुलीचा आहे, आणि तिच्यापुढे आता आपण दोघांनीही टोपी-पट्ट्याशिवाय उभं राहायला हवं, तू फाडलेल्या कागदासाठी आणि मी त्या लाथाडलेल्या चाळणीसाठी. ती कुठे आहे, जिवंत आहे का, मला ठाऊक नाही. तिला हाकही मारता येत नाही मला. तिचं नाव सांगायला त्या दुपारी तू तोंड उघडलं होतंस, आणि मी दार लावून घेतलं.